बिनतारी मागणी

...खासगी म्हणे! अहो, तुम्हाला सांगतो, त्या वायरलेसवाल्या हॉरीला मी दारातच विचारलं होतं, बाबा रे, हे खासगी राहील ना? तर म्हणतो कसा, "विल्फ, अरे तारच नाही, तर चोरून ऐकणार कोण? ह्या दोन पितळी गोळ्यांमधल्या फटीत ठिणगी उडते, की निरोप थेट जहाजावर!" आता मी पडलो खाटीक, मला काय कळतंय? मला एवढंच कळत होतं की मिस लॉक्सली बोटीत बसून ब्रिस्बेनला निघाली, धक्क्यावर माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही, आणि आता विचारलं नाही तर जन्मभर मेंढ्यांचीच सोबत!

हॉरीने यंत्राची दांडी दाबली मात्र... कडाड्! कड्-कड्-कडाड्! ठिणगी कसली, आभाळ फाटत होतं! कुत्री रडायला लागली! आणि आमचं बंदर म्हणजे कोण? सगळे तारऑफिसातून पेन्शनीत निघालेले म्हातारे! तुम्हाआम्हाला तो कडकडाट, त्यांना ती तारेची बाराखडी! समोर हॉटेलच्या व्हरांड्यात तारमास्तरांची विधवा, मल्काहीबाई, बिअरचा ग्लास खाली ठेवून मोठ्याने वाचतेय, "मा-झ्या-शी ल-ग्न क-र-शी-ल का... अगंबाई, हा तर आपला खाटीक!" खासगी म्हणे!

बरं, उत्तर तरी हेडफोनमधून हॉरीच्या एकट्याच्या कानात येतं. म्हटलं, वाचलो! तर कुठेतरी वीज खरखरली, अर्धं उत्तर बुडालं, आणि ह्या गाढवाने पुन्हा दांडी दाबली... कडाड्! समोरून बाई ओरडतेय, "ऐका हो! 'कदापि नाही, कारण' याच्यापुढचं पुन्हा पाठवा!"

मी इकडे खिडकी लावून घेतोय, आणि तिकडे चर्चा! "कारण काय असेल गं?" "टक्कल!" "छे, त्याची आई!"

पुढचं आलं. हॉरीचं तोंड उतरलं. मी त्याच्या पाया पडलो हो, आता बस्स कर! तर म्हणतो, "तसं कसं? शंका आली की ते शब्द परत त्यांनाच पाठवून खात्री करायची, नियम आहे!" कडाड्!... आणि मल्काहीबाई उठून उभी, "'मटणाचा वास', बरोबर ना?"

रडलो, खरंच रडलो मी तिथे. आता गिऱ्हाईक दुकानात शिरतं ते आधी नाक पुढे करून. खासगी म्हणे! मी ठरवलंय, ह्यापुढे काही खासगी असलं तर माणसाच्या अगदी जवळ जायचं आणि कानात सांगायचं.

पण जवळ येऊ देतंय कोण?