घंटी कोणाच्या गळ्यात

माझ्या इंग्रजीचं एवढं कौतुक करून राहिले, तर माझ्या गुरूचंही ऐका. आखाडा बाळापूरला शिकवणी घ्यायचो. एकदा ‘बेलवेदर’ शब्द आला. मी ठोकून दिलं, “बेल म्हणजे घंटी, वेदर म्हणजे हवामान. हवा कुठं चाललीय ते आधी सांगणारा.”

लेकीला न्यायला आलेले मेंढपाळ धोंडिबामामा दारातून म्हणाले, “सर, हवामानाला घंटी काहून बांधतेत? आमी खच्ची केलेल्या मेंढ्याला बांधतो. तो जाईल तिकडं कळप जातो.”

पोरी हसल्या. मी डिक्शनरी उघडली. वेदर म्हणजे खच्ची केलेला मेंढाच निघाला. स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ मीच जास्तीचा घातला होता.

“मामा, तुमचंच बराबर. पण तुमाला इंग्रजी कुठं येतं?”

“न्हाई येत. पण हा शब्द करणारा मास्तर नसंल, सर. मेंढरामागं फिरणारा आसंल.”