आणि इतर

— नाही, सही नाही मिळणार. पाचपर्यंत प्रयोगाचा अहवाल जमा केला नाही तर परीक्षेला बसता येत नाही, ठाऊक आहे मला, ती सूचना मीच लावलीय — बस त्या स्टुलावर. तो नको, त्याचा पाय डुगडुगतो. प्रयोग चांगला केलायस, निरीक्षणं चांगली आहेत, आणि शेवटच्या पानावर हे? याला संदर्भ म्हणतात? शी! पहिलाच बघ — ‘स्रोत: इंटरनेट’. उद्या कुणी घरचा पत्ता विचारला तर काय सांगशील, ‘पृथ्वी’? आणि हा दुसरा. संकेतस्थळ पाहिल्याची तारीख वाच. मोठ्याने वाच ना. तेव्हा तू शाळेत होतीस, बाई! कुणाचं उतरवलंस? वरच्या वर्गातल्या ताईचं — मग तिने तिच्या ताईचं उतरवलं असणार. अख्खी वंशावळ झाली, पण ते पान उघडून कुणी बघितलं नाही. नक्कल करायलाही अक्कल लागते. सकाळपासून हेच तपासतेय, एकाच्या ताटातलं उष्टं साऱ्या वर्गाने वाढून घेतल्यासारखं — किळस येते गं, या खोलीतल्या अमोनियाचा वास परवडला.

खोडलेस दोन्ही? नंतर नीट लिहून काढ. तिसरा बघू. नियतकालिकाचं नाव तिरकं, वर्ष ठळक, खंडाचा आकडा तिरका, पानं — हे बरोबर आहे. फक्त एक नाव लिहिलंयस आणि पुढे ‘आणि इतर’. का? किती जणांनी लिहिलाय हा शोधनिबंध? माहीत नाही ना? चौघांनी. आपल्या विभागाचा नियम काय — दहापर्यंत लेखक असले तर सगळी नावं लिहायची. मग चार नावं लिहायला काय हात दुखतात? … काय म्हणालीस? बोर्डवर असंच आहे? — हो. आहे. मोठ्या सरांनी लावलेला नमुना, याच निबंधाचा, काचेच्या आत. रोज त्याच्यासमोरून जाते मी. तुझी चूक नाही, पण चुकीचं ते चुकीचंच, विभागप्रमुखांनी लावलं म्हणून काय झालं? त्यातून पहिलं नाव त्यांचंच — काही माणसांचं वाचन स्वतःच्या नावापाशी संपतं. हळू बोल. दार उघडं आहे.

त्यांच्या टेबलावर बाटलीत निळा स्फटिक आहे बघ, पाहुण्यांना दाखवतात तो? याच निबंधातला तो, त्या कोपऱ्यातल्या वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात वाढला. दोन वर्षं नुसता गाळ बसत होता — हिरवा, चिकट, शेंबडासारखा. सर दारातूनच विचारायचे, ‘झालं का?’ आणि जायचे. आत कधी आले नाहीत, वास सहन होत नव्हता. आणि करणारीची बोटं नायट्रिक अ‍ॅसिडने पिवळी पडलेली, बसमध्ये शेजारची बाई सरकून बसायची. मग एकदा घाई न करता द्रावण नुसतं ठेवून दिलं, सावकाश उडू दिलं, आणि तळाशी निळा कण चमकला — त्या दिवशी मात्र सर आत आले! आयत्या बिळावर नागोबा. कोण करणारी? होती एक. तिसरं नाव आहे तिचं, तुला काय करायचंय? तिने ते छापलेलं पान घरी नेलं. आईला वाचता येत नव्हतं, नावाखाली बोट ठेवून दाखवलं, तेव्हापासून ती माउली आल्यागेल्याला तसंच बोट ठेवून दाखवायची. त्या नावाचा आकार ओळखीचा झाला होता तिच्या. पुढे भाच्याने मोठ्या कौतुकाने एक पुस्तक आणलं, त्यात आमच्या कामाचा उल्लेख — सरांचं नाव, आणि ‘आणि इतर’. म्हातारी चष्मा लावून त्या ओळीवरून बोट फिरवत राहिली. म्हणाली, ‘अगं, यात तू कुठेयस?’ म्हटलं, ‘आई, ते इतर म्हणजे मी.’ …

हो, मीच. आता कळलं ना? डोळे नको विस्फारूस.

घे पेन. चारही नावं लिही, आडनाव आधी, दोन नावांच्या मध्ये अर्धविराम. निबंधाची प्रत ही समोर ठेवते, त्यात बघून लिही, बोर्डवर बघून नाही. पहिलं झालं… दुसरं… हं, आता तिसरं. सावकाश. अक्षर छान आहे गं तुझं. निदान एका तरी कागदावर —

— या ना, सर. काही नाही, हिचे संदर्भ तपासत होते. … हो, चारही नावं लिहायला सांगितली, म्हणजे नियम तसा… हो. हो सर. बोर्डवर आहे तेच. बाहेरचे परीक्षक येणार, सगळ्यांचं एकसारखं हवं, बरोबर आहे. नाही हो, माझा कसला आग्रह! करून घेते.

गेले.

बघतेस काय? खोड ते. पहिलं नाव ठेव, बाकीची खोड. … तसंच राहू दे म्हणतेस? मला नको तुझं मोठेपण. उद्या त्यांनी तुझं पान बाजूला काढलं तर तुझ्या आईला काय सांगायचं मी? परीक्षेला बसायचंय ना तुला? मग आण इकडे. मीच खोडते. खणातलं व्हाइटनर दे — ते नाही, त्याच्या मागचं. हं. वाळू दे जरा. … ‘आणि इतर’. झालं, आता बोर्डसारखं दिसतंय. ही घे सही. शी, बोटाला लागलं सगळं —

उभी काय राहिलीस? जा. दार ओढून घे.