पाच खारका, दोन सुपाऱ्या

पाच महिने हो बायांनो, पाच महिने! आजवर मी वांगं सोडलं, भात सोडला, मंगळवारचा चहासुद्धा सोडला, त्याचं काही वाटलं नाही. पण ह्या खेपेला देवीसमोर नवस बोलले तो बोलणंच सोडायचा. 'आई, राजेश्रीचं सुखरूप होऊ दे, सातव्यात ओटी भरेपर्यंत मी ह्याबद्दल कुणाजवळ एक शब्द काढणार नाही.' देवी गालात हसली असेल, कारण मी आरती चालू असताना शेजारणीच्या साडीचा भाव विचारणारी बाई... काल ओटी भरली, आज तुम्ही भजनाला जमलात, म्हणून सांगायलेय.

राजेश्री माझी सून, भागवतची बायको. दोनदा दिवस राहिले, दोनदा गेलं. दुसऱ्या खेपेला तर आशाताईच्या तपासणीच्या यादीचा फोटो गावाच्या ग्रुपवर आला. तिचं नाव, पुढं तिसरा महिना, त्याच्यापुढं आधीचं गेल्याचंही लिहिलेलं. संध्याकाळी धुरपताबाई दारात हजर, "लपवता व्हय आमच्यापासून?" आणि आठ दिवसांनी त्याच धुरपताबाई डोळ्याला पदर लावून, अन् माझी राजेश्री आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेली. मग कुणाला सांगावं माणसानं?

म्हणून ह्या खेपेला नावच नोंदवलं नाही. तिला कैरी खावी वाटली तर मी म्हणायची मलाच खायचीय. तिला ओकारी आली की मी मोठ्यानं आरती धरायची. आमचे हे म्हणाले, भर दुपारी आरती कसली? मी शब्द काढला नाही.

पण पाचव्यात पोरीचे पाय सुजले. डोकं दुखायचं, डोळ्यापुढं काजवे चमकायचे. मी अंगारा लावला, देवीला आणखी पाच मंगळवार बोलले, आणि रात्रंदिवस तिच्या पायांकडं बघत बसले. अन् एका दुपारी आशाताई आली, आपली विजयमाला. उंबऱ्यात बसली, पाणी प्याली, म्हणाली, "मामी, मला दिसायलंय. सांगा आता."

मी शब्द काढला नाही.

मग तिनं कायद्याचं काढलं. राज्याचा नवा कायदा यायलाय म्हणे. बाळंतपणात बाया कशानं दगावतात त्याचा अभ्यास करायचा, म्हणून एकेकीचं दुखणं लिहून घ्यायचं, पण बाईला विचारूनच; आणि वर पाठवताना नाव काढून टाकायचं, तिथं नुसता नंबर. यादी बाहेर दाखवली तर दाखवणाऱ्याला शिक्षा. मला आधी हसूच आलं. आपल्या गावात नंबर काय, नुसत्या चपलेवरून सांगतील कोण आत बसलंय.

पण ऐकता ऐकता मला कसं झालं सांगू... गंगाखेडला आपण गंगेत दिवे सोडतो ना? कुठल्या दिव्यावर कुणाचं नाव असतं? एकदा हातातून सुटला की तो आपला राहत नाही, सगळ्यांच्यात मिसळतो, हलत हलत दूर जातो, आणि तरी गंगेला बरोब्बर ठाऊक असतं कुणी कशासाठी सोडला. तसे मला कागद दिसायला लागले बघा. पाथरीच्या बाईचा, देवगाव फाट्याच्या बाईचा, उसाच्या फडावर बाळंत झालेलीचा... बिननावाचे, उजेडासारखे, मुंबईकडं चाललेले. आणि तिकडं कुणी डॉक्टरीणबाई एकेक उचलते, म्हणते, ही कोण मला ठाऊक नाही, पण हिच्यासारखी पुन्हा जायला नको. पिंगळीची गाडी शिट्टी देऊन गेली तेव्हा मी भानावर आले.

विजयमाला मान खाली घालून म्हणत होती, "मामी, तो फोटो माझ्याच मोबाईलवरून गेला. दवाखान्यात पाठवायचा तो गावात गेला. तवापासून तुमच्या दारात यायची लाज वाटायली. मला दोन शिव्या द्या, पण पोरीला यादीत येऊ द्या. यादीत न्हाई तर ती दवाखान्याला हायच न्हाई."

हे तिनं मला एकटीला सांगितलं होतं हं. कुठं बोलू नका.

आता झाली की नाही पंचाईत? सांगावं तर नवस मोडतो, न सांगावं तर पोरगी हातची जाते. मी देवीकडं बघितलं. देवीपुढं ओटीचं ताट होतं. उठले, पाट मांडला, दोन सुपाऱ्या ठेवल्या आणि हळूच पदराखाली झाकल्या. मग पाच खारका ओळीनं मांडल्या. मग स्वतःच्या पायाला हात लावून, पाय एवढाले झालेत, असं दाखवलं. विजयमालानं वही उघडली. दोन गेले, पाचवा महिना, पायाला सूज. सगळं खरं लिहिलं, वही छातीशी धरली आणि तश्शी राजेश्रीला अन् मला जीपमध्ये घालून परभणीला घेऊन गेली.

बीपी लय वाढलं होतं. औषधं सुरू केली, पडून राहायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा दिवस घरात ठेवली असती तर अवघड होतं. वेळेवर कुणी आणलं म्हणून विचारलं त्यांनी.

मी शब्द काढला नाही. रडले मात्र.

आता पोट छान वर आलंय, पोरगी झोपेत हसती. तर बायांनो, तुम्हीही माझ्यासारखा नवस बोला. घरात दिवस गेलेली असंल तर आशाताईला सगळं सांगायचं, मागचं गेलेलंसुद्धा, आणि बाकी कुणाजवळ... अगंबाई. धुरपताबाई, तुम्ही कधीच्या येऊन बसलात खांबाआड?

असू द्या. आता ऐकलंच आहे सगळं, तर तुमच्यापासूनच सुरुवात करू. राजेश्री बाळंत होईपर्यंत एक शब्द काढायचा नाही, बोला देवीला. जड जाईल हो, मला ठाऊक आहे. ह्या घ्या दोन खारका, तोंडात धरा.