बाणाप्रमाणे जा

…आणि वर फलक काय, तर 'काम चालू, कचेरीही चालू'! अहो, छप्पर उघडं टाकलंय, जिना ताडपत्रीत गुंडाळलाय, माझ्या टेबलाखालची फरशी उखडून नेलीय, आणि म्हणे कचेरी चालू! का, तर इमारत ऐतिहासिक. भिंतीला खिळा मारायचा नाही, चिकटपट्टी लावायची नाही. देखरेखीच्या बाई तर म्हणाल्या, "टेकू पण नका हो, चुना ओला आहे."

मग लोकांना वाट दाखवायचे बाण लावायचे कुठे? मी म्हटलं, परांचीला बांधू की, गवंडी चढतात त्या लोखंडी माच्यांना. साहेब खूश. बाण मीच रंगवले, मीच बांधले. आता मला सांगा, परांची एका जागी राहते का? भिंत झाली की ती सरकते पुढे, आणि तिच्याबरोबर माझे बाणही निघाले फिरायला… आलं माझ्या डोक्यात? नाही आलं. खिडकीशी कुणी आलं की मान वर न करता एकच, "बाणाप्रमाणे जा."

परवा तर समोर प्लायवुड ठोकलेलं, हात जाईल एवढी फट, माझ्या तोंडाला धुळीसाठी फडकं, मागे ड्रिलची घरघर. फटीतून हात आला. "अहो, हयातीचा दाखला…" "बाणाप्रमाणे जा." थोड्या वेळानं तोच हात. "अहो, बाणानंच परत इथं आणलं." "मग नीट बघून जा ना आजी, डोळे आहेत ना?" तिसऱ्यांदा हात आला तेव्हा मी फटच बंद केली. जेवणाची सुट्टी होती, तुम्हाला सांगतो, अगदी नियमाप्रमाणे!

संध्याकाळी घरी येतो, तर आई गरम पाण्यात पाय सोडून बसलेली. "तुमच्या कचेरीत गेले होते रे. तुला कशाला त्रास म्हणून बोलले नाही. उद्या दाखला नाही मिळाला तर पेन्शन थांबेल. पण तो खिडकीतला माणूस फार खेकसतो बाई." तुम्हाला सांगतो, धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी म्हटलं, "असतात एकेक."

काल रजा टाकली, आईला हाताला धरून नेलं. परांची पुन्हा सरकलेली. माझी कचेरी, माझे बाण, आणि मीच चुकलो हो! दोनदा मुतारीपाशी पोचलो. शेवटी आईच म्हणाली, "इकडून ये, सगळे बाण त्या खिडकीपाशीच जातात." खिडकीत माझ्या जागी नवा कारकून. मान वर न करता म्हणतो कसा, "बाणाप्रमाणे जा."

"हाच तो," आई म्हणाली.

आता खरं सांगायचं ना? छे! उलट मीच त्याला झापलं. "म्हाताऱ्या माणसाशी असं बोलतात? लाज नाही वाटत?" ते वाक्य त्याला शिकवलं कोणी? मीच. तरी तो बिचारा उठला, आईला दाखल्याच्या टेबलापर्यंत स्वतः सोडून आला.

दाखला पिशवीत ठेवताना आई म्हणाली, "इतकं बोलायला नको होतंस रे त्याला. त्यालाही घरी आई असेल."

"असेल," म्हटलं मी.