अंबिकेचे खांदे

नको, नको, असा ओढू नका तो पाय! सोडा. — माफ करा हं, ओळख ना पाळख आणि एकदम हात धरला तुमचा. पण तुम्ही लेकीला मराठीत दटावलंत ना, ‘सरळ कर म्हणते ना’ — म्हणून राहवलं नाही. इथं सदर बाजारात सगळी हिंदी, मराठी कुठं कानावर पडतं? मी प्रमोदिनी, आम्ही प्रेम नगरचे. माझी अंबिका आत आहे, व्यायाम करून घेणाऱ्या अनुसूया दीदींकडे, तिचे बाबाही आतच. हिचंही तेच ना — जन्मली तेव्हा रडली नाही? ओळखलंच मी, पायांची कैची झालीय. ते पाय हट्टी नसतात हो, मेंदूकडून निरोपच वेडावाकडा येतो त्यांना. तुम्ही ओढाल तेवढे आणखी आवळतात. धरायचं आणि थांबायचं, आपोआप सैल पडेपर्यंत थांबायचं. दीदी शिकवतील तुम्हाला. मोठ्या चेंडूवर पालथं घालतील, स्टुलावर बसवून बाहुली जरा लांब धरतील, म्हणजे ती तोल सांभाळून हात पुढं नेईल. बघणाऱ्याला खेळच वाटतो. मलाही वाटला — म्हणून तर — जाऊ द्या.

काय? नाही, सांगते ना, त्यात काय लपवायचं. चौदा महिने आणत होते मी अंबिकेला, रोज, ऑटोनं. बसायला लागली होती. मग एक दिवस दीदी म्हणाल्या, “भाभीजी, वॉकर धरून चालेल ही. एकटी कदाचित नाही.” बस, त्या ‘नाही’नं डोकं फिरलं. घरचा सराव वीस मिनिटं सांगितलेला, आमच्याकडे दोन-दोन तास व्हायला लागला. भिंतीशी उभी करायची, पडली की मांडीवर लाकडी पट्टी. उठ. पुन्हा पडली — पुन्हा पट्टी. सात वर्षांची पोर, पडायच्या आधीच मांडी झाकून घ्यायची. कोण मारायचं? घरातलेच हो — राग येतो माणसाला, दिवसभर तेच तेच. दीदींनी वळ पाहिले, विचारलं. मी म्हटलं, पडली.

मग कुणीतरी खंडेराव गेटकडचा एक मालिशवाला सांगितला. पहलवान म्हणायचे त्याला. ह्यांनी तर साफ बजावलं होतं, “त्या माणसाला दारात उभं करायचं नाही.” पण हे रेल्वेच्या कारखान्यात, सकाळी गेले की संध्याकाळी येणार, सासूबाई देवळात. आला तो अकरा वाजता. तेल लावलं, मांड्या चोळल्या आणि म्हणाला, “बहनजी, नस जम गई है. एक झटका दूँगा, खुल जाएगी. बस, बच्ची हिलनी नहीं चाहिए.” खांदे धरले, तोंडात पदराचा बोळा घातला — ओरडली तर शेजारपाजार जमा होईल म्हणून. त्यानं गुडघा तिच्या एका मांडीवर रोवला आणि दुसरी धरून हिसडली. पहिल्यांदा नाही झालं. तो म्हणाला, “और कस के पकड़ो.” इतकी थरथरत होती ती, तिचा श्वास माझ्या तळहातावर गरम गरम —

हो. माझ्याच. मीच धरलं होतं. तुम्हाला काय वाटलं, घरात दुसरं होतं कोण? पट्टीही माझीच.

दुसऱ्या झटक्याला कट् असा आवाज झाला. एवढासा. आणि तो हसून म्हणतो, “लो, खुल गई.” मी बोळा काढला. पोरीचे डोळे नुसते उघडे. मांडी बघता बघता फुगली, पाय भलत्याच दिशेला पडला. मग मला काय झालं, वरवंटा कधी उचलला — त्याचा हात जमिनीवर टेकलेला होता, त्यावर घातला. एकदा नाही, तीनदा. बोटांचा चेंदा झाला. किंचाळत, रक्त सांडत पळाला. पोलिसांत गेला नाही, काय सांगणार होता? मीही नाही गेले. दवाखान्यात मी म्हटलं, खाटेवरून पडली. पण हे धावत आले, आणि बाबा दिसताच ती बोलली, “बाबा, आईने पकड के रखा था मुझे.” त्यांनी उभ्या जन्मात कधी आवाज चढवला नव्हता हो. केसांना धरून माझं डोकं भिंतीवर आपटलं. हा दात तेव्हाचा. मी हात मध्ये घातला नाही.

सहा आठवडे प्लास्टर. शिकलेलं सगळं गेलं, बसणंसुद्धा. दीदींनी कूस वळण्यापासून पुन्हा सुरुवात केली. आता वॉकर धरून खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाते, बाबा समोर उभे राहतात. घरी मी वेणी घालते, भरवते, ते चालतं तिला. पण इथं मी आत पाऊल टाकलं की तिचे पाय लाकडासारखे होतात, उभीच राहता येत नाही. दीदी म्हणतात, “भाभीजी, वह जान-बूझकर नहीं करती. डर शरीर में बैठ गया है.” एकदा तीच मला म्हणाली, “आई, तू ये ना आत, मी नाही घाबरत.” गेले. आणि बघता बघता पाय कैचीसारखे आवळले, तोंडावर आपटली, ओठ फुटला. पडल्या पडल्या मलाच म्हणते — “सॉरी, आई.” मला सॉरी! म्हणून मी बाहेर बसते.

हे काय? तिला का उचललंत एकदम, तिकडच्या मांडीवर का घेतलंत? अहो, मी काही करणार नव्हते, नुसता तिचा मोजा सरळ करत होते, घसरला होता म्हणून —

बरोबर केलंत. पलीकडच्या बाकावर जागा झालीय बघा. जा, तिला घेऊन तिकडं बसा.