नानखटाई आणि अनोळखी बाबा

एकाहत्तरची दिवाळी सांगते. लढाईची तयारी चालू होती, म्हणून आमचे हे जबलपूरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात डबल ड्यूटी करायचे. मुलगी झोपल्यावर येणार, ती उठायच्या आत जाणार. त्या दिवशी मी शेगडीवर नानखटाई भाजत होते, तर हे दुपारीच घरी आले. तान्हीला उचललं आणि तिनं भोकाड पसरलं.

“मला पाहून काहून रडून राहिली ही?” यांचा चेहराच उतरला. नानखटाई दिली, तीही खाल्ली नाही.

सासूबाई म्हणाल्या, “तिचं काय घेऊन बसला? इंग्रजांच्या राजवटीतल्या मोठ्या लढाईत तुझे बाबाही असेच एकदा कारखान्यातून भरदुपारी आले. तू दार उघडून म्हणाला, ‘बाबूजी तो कारखाने गए हैं,’ अन् आतून कडी लावून घेतली.”