कोळ्याचे सहा पाय

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एकाच शाळेतल्या दोघी बसल्या होत्या. मांडीवर वह्यांचा गठ्ठा घेतलेल्या विज्ञानाच्या बाई आणि ग्रंथपालबाई.

“बेचाळीस वह्या, आणि एकजात सगळ्यांच्या कोळ्याला सहा पाय! तुमच्या ग्रंथालयात मुलं करतात तरी काय?”

“येतात कुठे? वाचनाचा तास तुम्हीच घेता.”

“मग पोर्शन कोण संपवणार?”

“मला वर्षात एकच तास मिळाला. माहिती कुठून घेतली ते खाली लिहायचं, एवढंच शिकवलं.”

“डोंबल शिकवलंत! कोण लिहितंय?”

“शेवटची ओळ वाचा की.”

“थांबा... ‘संदर्भ : वाचनाच्या तासाला विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर लिहून दिलं.’”

“आता दुसरी वही.”

“माझा नंबर आला वाटतं.”

“तुमचा अकरावा. आत चौथा आहे. उघडा.”